मांजरपाटाचे कोट

सुटाचं कापड पारखायच्या तऱ्हा मी आयुष्यभर बघितल्या. माझं शिलाईचं दुकान लक्ष्मीपुरीत. कुणी कापड मुठीत चुरगळून बघायचं, कुणी दारात नेऊन उन्हात धरायचं, कुणी दोरा उपसून काडीनं पेटवायचं आणि नाकाशी नेऊन मान डोलवायचं, जणू कापडाच्या वासावर त्याची सात पिढ्यांची हुकमत होती. बायकोनं पसंत केलंय म्हणून डोळे मिटून आणणारे सगळ्यात सुखी. पण कोटाचं कापड तोंडानं फुंकून घेणारा माणूस मला एकच भेटला. ते आमच्या गल्लीतले बँडमास्तर.

कापडाचा कोपरा दोन्ही हातांनी ताणून ते ओठांपुढे धरत. शेजारी जो कोणी असेल, मी, दुकानातला नोकर किंवा साडी घ्यायला आलेली एखादी अनोळखी बाई, त्याला म्हणत, "पलीकडं हात धरा बघू." मग गाल फुगवून अशी फुंकर मारत की त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहायची. "लागतंय का हाताला वारं?" लागलं म्हटलं तर पुढची बोलणी. नाही म्हटलं तर ठाण तिथल्या तिथे परत. महाद्वार रोडवरचे एक शेठ या प्रकाराला इतके वैतागले होते की मास्तर पायरी चढताना दिसले की ओरडायचे, "अहो मास्तर, चूल आहे का ती फुंकायला?"

"शेठ," मास्तर शांतपणे म्हणायचे, "कापाड आदी छातीला इचारायचं, मग डोळ्याला. डोळा काय, फितूर असतोय."

मास्तर कॉर्नेट नावाचा पितळी कर्णा वाजवायचे. बँड त्यांच्या वडिलांनी उभा केलेला. माझ्या दुकानाच्या वरच्या अंगाला बँडची खोली होती आणि दुपारी तिथे तालीम चालायची. ढोलाच्या ठोक्यावर माझा पाय मशीनच्या पायट्यावर आपोआप पडू लागायचा, आणि जलद गाणं सुरू झालं की माझा टाका लांब पडायचा. एकदा एका वकिलाच्या पँटची पूर्ण शिवण मला त्यापायी उसवावी लागली. तक्रार घेऊन वर गेलो तर मास्तर म्हणाले, "मग असं करा टेलर, पँटा संथ गाण्याला शिवा, उशांचं अभ्रं जलद गाण्याला." ते चेष्टा करत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तालमीच्या आधी खिडकीतून ओरडून ते मला सांगायचे, "टेलर, आता अभ्रं काढा!"

उंची बेताची, पण छाती पिंपासारखी. वरातीत ते नेहमी उलटे चालायचे. तोंड आपल्या माणसांकडे आणि पाठ रस्त्याकडे. मागं खड्डा आहे का शेणाचा पो, हे त्यांच्या टाचांना कसं कळायचं देव जाणे, पण मी त्यांना कधी अडखळताना बघितलं नाही. रागीट होते, हट्टी तर इतके की त्यांच्यापुढे कोल्हापूरचा म्हसोबासुद्धा नमतं घेईल. लग्नबिग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सीजनला येळ घावत न्हाय आनि बिगरसीजनला कोन लगीन करतंय?"

त्यांच्या फुंकरीवर माझा विश्वास कसा बसला ते सांगतो. माझं लग्न वैशाखात झालं. सासुरवाडी मलकापूरची. सासऱ्यांनी सुटासाठी चॉकलेटी टेरिवूल दिलं होतं, हौसेनं, चांगल्यातलं चांगलं निवडून. मी तो सूट स्वतः शिवला आणि खांद्याचा तो उतार मला आजवर पुन्हा साधला नाही. मांडवाच्या दारात मास्तर उभे होते, कारण बँड अर्थातच त्यांचा. मी घोड्यावरून उतरलो तशी त्यांनी माझी बाही ओढली, भर पाहुण्यांत तिच्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "टेलर, ह्यात तुमी शिजशिला."

मला असा राग आला म्हणता! पण तिसरं मंगलाष्टक संपायच्या आत माझ्या पाठीवरून घाम असा वाहायला लागला की अक्षता आहेत का मुंग्या, हे कळेना. लग्नाच्या फोटोत माझं तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं दिसतं. बायको आजही तो फोटो पाहुण्यांना दाखवते आणि म्हणते, "ह्यांना मी पसंत नव्हते, बघा तोंड." तिला खरं कारण किती वेळा सांगितलं, पटत नाही.

त्याच सुमारास सगळ्या गावावर टेरिलिनचं भूत स्वार झालं होतं. इस्त्री नको, चुरगळत नाही, रात्री धुवा सकाळी घाला. मी स्वतः टेरिलिनवर घर चालवत होतो, तेव्हा त्याला नावं ठेवायची मला सोय नाही. पलीकडच्या पेठेतल्या बँडनं लालभडक टेरिलिनचे कोट शिवून घेतले. छातीवर सोनेरी लेस, खांद्यांवर झुपके, डोक्यावर टोप्या. भर दुपारी ते रस्त्यातून जायला लागले की डोळे दिपायचे. आणि आमच्या मास्तरांची माणसं? त्यांच्या अंगावर मास्तरांच्या वडिलांच्या वेळचे लोकरीचे कोट. लोकर चांगली होती, "लोकर सोता श्वास घेती," असं मास्तर म्हणायचे, पण आता तिचा शेवटचा श्वास चालला होता. कोपरांवर मी ठिगळं लावली होती, मग ठिगळांना ठिगळं लावली. ढोलवाल्याच्या पाठीवर तर मूळ कोट किती आणि माझं काम किती, हे शोधावं लागलं असतं.

लोक आधी कोट बघायचे, मग सूर ऐकायचे. सुपाऱ्या पलीकडे जायला लागल्या. राधानगरीकडचा एक क्लॅरिनेटवाला मास्तरांच्या बँडचा जीव होता. तो एक दिवस माझ्यादेखत म्हणाला, "मास्तर, राग मानू नका. औंदा नवं कोट झालं न्हाईत तर मी तिकडं जानार. पोरं बी येतो म्हनत्यात."

मास्तर कॉर्नेट पुसत बसले. तो गेल्यावर मला म्हणाले, "टेलर, येकट्या कॉर्नेटला वरात म्हनत न्हाईत. भीक म्हनत्यात." एवढा तोंडाळ माणूस इतक्या हळू आवाजात बोललेला मी प्रथमच ऐकला आणि मला भीती वाटली.

अशात शिरोळच्या एका ऊस बागायतदाराची सुपारी आली. मुलीचं लग्न होतं. तो स्वतः बँडच्या खोलीवर आला. "मास्तर," तो म्हणाला, "माज्या लग्नात तुमच्या वडलांनी वाजिवलंतं, म्हनून तुमाला सांगाय आलोय. पर पावण्यांनी त्यो लाल कोटवाला बँड ठरिवलाय. वेशीत गाठ हाय. आमचं हसं व्हऊ दिऊ नका."

वेशीतली गाठ म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या भागात तेव्हा रीत अशी की नवरदेव वेशीत आला की दोन्हीकडचे बँड समोरासमोर उभे राहायचे आणि एकदम वाजवायला लागायचे. जो बँड आधी थांबेल त्यानं मांडवापर्यंत दुसऱ्याच्या मागून चालायचं. मागून चालणाऱ्याला मग पंचक्रोशीतलं कोणी सुपारी देत नसे. मास्तरांनी सुपारी घेतली. बागायतदार पायऱ्या उतरून गेल्यावर क्लॅरिनेटवाल्याला म्हणाले, "शिरोळ वाजव. मंग कुटं जायाचं तिकडं जा."

आता कापड आणायचं. पोरांनी एकमुखानं टेरिलिन मागितलं. मीही तेच म्हटलं. मास्तर उठले, खोलीच्या कोपऱ्यातली गॅसबत्ती काढली, तिच्यात हवा भरली आणि पेटवली. भर दुपारचे बारा. ती फुरफुरणारी बत्ती हातात धरून ते रस्त्याला लागले आणि मी मागून. महाद्वार रोडवर अर्धं कोल्हापूर आमच्या मागे. एकानं विचारलं, "काय मास्तर, सूर्य बुडाला का?"

"सूर्याशी माजं काय देनंघेनं हाय?" मास्तर चालता चालता म्हणाले. "आमी दिवेलागनीला निघतो. आमचा कोट लोकं बत्तीखाली बगत्यात, आनि तुमी शाने तो घेतासा दुपारच्या उन्हात!"

खरं सांगतो, मी तोवर शेकडो कोटांना कापड निवडून दिलं होतं, पण कोट कुठल्या उजेडात घातला जाणार हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

शेठनी बत्ती बघून कपाळावर हात मारला. मास्तरांनी त्यांना दुकानाच्या फळ्या लावायला लावल्या. आत अंधार, उकाडा, रॉकेलचा वास आणि सगळीकडे कापडाची ठाणं. शेठ देवाचं नाव घेत एका हातात पाण्याची बादली धरून उभे. मास्तर बत्ती एकेका ठाणाजवळ नेऊ लागले. काय एकेक रंगाचं पितळ उघडं पडलं! दुपारी निखाऱ्यासारखा वाटणारा लाल बत्तीखाली खाटकाकडच्या काळजासारखा तपकिरी झाला. निळा होता तो काळा पडला. हिरव्यावर तर शेवाळ चढलं. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो.

मास्तरांनी अचानक बत्ती वर धरली. वरच्या फळीवर काहीतरी पिवळं झळकत होतं, नुकत्या दळलेल्या हळदीसारखं. "ते काढा."

शेठ वर बघून म्हणाले, "अहो, ते विकायचं नाही. गठ्ठा बांधायचं फडकं आहे. मांजरपाट आहे तो!"

"काढा म्हनतोय न्हवं!"

फडकं खाली आलं. त्यातली धूळ झटकून मास्तरांनी ते ताणलं, पलीकडे माझा हात धरवला आणि फुंकर मारली. माझ्या तळहातावर वारं असं आदळलं की काय सांगू. मास्तरांचे डोळे भरून आले. "टेलर," ते म्हणाले, "घावलं."

त्यांना घावलं, पण मी गोत्यात आलो. मांजरपाट म्हणजे बंड्या, पिशव्या आणि उशीचे अभ्रे. फार तर सुटाच्या आतल्या खिशाला लावावा, तोही गिऱ्हाइकाला न दाखवता. त्याचे कोट! मी सरळ सांगितलं, "मास्तर, माझ्या दुकानाला पाटी आहे. मांजरपाटाचे कोट मी शिवणार नाही. उद्या लोक मला गोधडीवाला म्हणतील."

मास्तरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "बरं. तुमच्या लग्नाचा कोट घालून वर या." मी गेलो. त्यांनी माझ्या गळ्यात तो मोठा थोरला युफोनियम अडकवला, खिडकी बंद केली आणि म्हणाले, "फुका." मी फुंकलं. सूर कसला, रेडकू ओरडल्यासारखा आवाज निघाला. "फुकत ऱ्हावा." दोन गाण्यांएवढा वेळ त्यांनी मला सोडलं नाही. शेवटी मी खाली बसलो, डोळ्यांपुढे काजवे, कोट आतून ओलाचिंब. मास्तर वाकून मला म्हणाले, "माजी पोरं ह्ये चार चार तास करत्यात. वर चालत्यात बी. आता सांगा, पाटी वाचवू का पोरं?"

मी मापं घेतली. दुसरं काय करणार?

मापंसुद्धा त्यांच्या पद्धतीनं. "छाती वाजिवतानाची घ्या," हा हुकूम. म्हणून प्रत्येक जण आपापलं वाद्य वाजवत उभा आणि मी टेप घेऊन त्याच्याभोवती. कानाचे पडदे फाटायची वेळ आली, पण शहाणपण आलं. वाजवताना छाती केवढी फुगते, हात वर गेला की मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, कसा ओढतो, हे मला नव्यानं कळलं. तेव्हापासून मुंढा मी वर चढवून कापायला लागलो, आणि माझ्या कोटात हात उचलला तरी कोट वर येत नाही असं लोक म्हणतात, त्याचं मूळ त्या खोलीत आहे.

अस्तरावरून मात्र आमची जुंपली. मी म्हणालो, कोटाला आतून कॅनव्हास आणि अस्तर लागतं, नाहीतर तो कोट नव्हे, सदरा. मास्तर म्हणाले, अस्तर लावलं तर फुंकर आत कोंडती. तालमीची वेळ टळली तरी आम्ही भांडत होतो. शेवटी खांदे, कॉलर आणि छातीचा पुढचा भाग माझा, पाठ त्यांची. पाठीला अस्तर नाही. आपल्या हातानं अस्तराविना पाठ शिवताना मला वाटलं, आपण कुणाला तरी उघडं करून रस्त्यावर पाठवतोय.

पांढरा मांजरपाट इचलकरंजीहून आणला. आधी भिजवून आटवून घेतला, कारण हे कापड पहिल्या पाण्याला बोटभर तरी आत जातं. मग रंगाऱ्याकडे. रंग बघायला मास्तर पुन्हा बत्ती घेऊन. रंगारी चांगला जाणता होता. म्हणाला, "मास्तर, शेवटाला खळीचा हात देतो. कापडाला अंग यील आनि रंग बी धरून ऱ्हाईल." मास्तरांनी खळ दिलेला तुकडा ताणून फुंकला. वारं अडलं. "खळ नगं," ते म्हणाले. रंगाऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे बघितलं.

कोट झाले. खोटं कशाला बोलू, बेतलेले झकास होते. पण दिवसाच्या उजेडात त्यांचा पिवळा मळकट दिसायचा. पलीकडच्या बँडचा ढोलवाला माझ्या दुकानावरून जाताना ते टांगलेले बघून मुद्दाम थांबला. "काय टेलर, गाद्यांची खोळं शिवाय घेतलीसा व्हय?" क्लॅरिनेटवाल्यानं आपला कोट घातला, आरशात बघितलं आणि काढून खुंटीला अडकवला. ते मला फार लागलं. मास्तर तेवढे निश्चिंत. मला म्हणाले, "तुमी बी चला शिरोळला. सुई-दोरा घ्या संगं."

शिरोळला आम्ही ट्रकनं पोचलो. उन्हाळा शेवटाला आलेला. चहूकडे ऊस, उसाला पाणी दिलेलं, आणि त्या ओल्या रानातून अशी वाफ येत होती की उभ्या उभ्या माणूस उकडावा. वारं पार पडलेलं. वेशीत सगळं गाव लोटलं होतं. लाल कोट आधीच येऊन उभे होते. सोनेरी लेस, झुपके, सगळा थाट. आमची माणसं ट्रकमधून उतरली तशी गर्दीतून एक आवाज आला, "हळकुंडं आली रं!" सगळी वेस हसली. मुलीचा बाप खाली मान घालून उभा राहिला. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आधी मला पोटात घ्यावं, कारण शिवण माझी होती.

सूर्य कलला. नवरदेव आला. बत्त्या पेटल्या आणि डोक्यांवर चढल्या. मास्तरांनी रस्त्याकडे पाठ केली, आपल्या माणसांकडे बघितलं आणि कॉर्नेट ओठाला लावला. दोन्ही बँड एकदम सुरू झाले.

सुरुवातीला लाल कोटवाल्यांचंच वजन पडलं. त्यांनी ताज्या सिनेमाचं गाणं घेतलं आणि गावातली पोरं तिकडे धावली. पण दिवसाचा उजेड जसा ओसरू लागला तसा बत्तीनं आपला खेळ सुरू केला. लाल होता तो काळपट तपकिरी झाला, लेस तेवढी चमकत राहिली. आणि आमचे कोट उजळले! देवाशपथ सांगतो, आतून दिवा लावल्यासारखे उजळले. गर्दी हळूहळू इकडे सरकायला लागली. "ह्ये कुठलं रं?" "कोल्हापूरचं न्हवं का!" मी कुणी न विचारताच सांगत सुटलो, "मी शिवलेत, मी!"

गाणं संपलं तरी कुणी थांबेना. दुसरं, मग तिसरं. समोरच्यांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले. टेरिलिनखाली त्यांचा घाम कोंडला होता, बाहेर यायला वाट नाही. एकानं कॉलरचा हूक काढला. दुसऱ्यानं सगळ्या गुंड्या. मग त्यांच्या युफोनियमवाल्यानं कोटच उतरवला आणि वेशीच्या दगडावर जाऊन बसला. एकामागून एक लाल कोट जमिनीवर पडायला लागले, आणि कोट काढायला वाद्य खाली ठेवावं लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. शेवटी त्यांचा एकटा ढोल वाजत राहिला, आणि मग तोही थांबला.

आमचा क्लॅरिनेट अजून वर चढत होता. तो राधानगरीचा गडी डोळे मिटून असा वाजवत होता की मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. वेशीत एकच आरोळी उठली. मुलीचा बाप फेटा उडवून नाचायला लागला. मी रडत होतो, लपवायचं कशाला?

आणि त्याच वेळी मला ते दिसलं. क्लॅरिनेटवाल्याच्या मानेवरून पिवळा ओघळ चालला होता. मग ढोलवाल्याच्या मनगटावर. बघता बघता सगळ्यांच्या माना, हात, पांढऱ्या पँटा पिवळ्या व्हायला लागल्या. मास्तरांच्या कॉर्नेटवर पिवळी बोटं उठली होती. कोटातून वारं आलं होतं, घामही आला होता, आणि खळ न दिलेला रंग घामाबरोबर वाहत होता. माझा हात खिशातल्या सुईवर गेला. सुई काय करणार? जिंकलेला डाव आता हसण्यात बुडणार होता.

नवरदेवाला ओवाळायला आरतीचं ताट घेऊन बायका पुढे आल्या होत्या. सगळ्यांत पुढे मुलीची आत्ती, उंच, खणखणीत आवाजाची. ती मास्तरांसमोर थांबली. त्यांच्या मानेकडे, हातांकडे, मग एकेकाच्या पँटकडे बघत गेली. बँड थांबला.

"आगं बया!" आत्ती म्हणाली. "नवऱ्याच्या आदी ह्यास्नी कुनी हळद लावली?"

मास्तर घामानं थबथबलेले. "आत्ती," ते म्हणाले, "आमी लई लग्नं वाजिवली. आजवर लावली न्हवती कुनी. आज आपसूक लागली बगा."

आत्तीनं ताट डाव्या हातात घेतलं. हळदीच्या कोयरीत चार बोटं बुडवली आणि मास्तरांच्या दोन्ही गालांवर खसाखसा हळद लावली. "मग नीट लावून घ्या की! आमच्या पोरीच्या लग्नातली हाय, कमी न्हाय!" बायका हसत हसत पुढे आल्या आणि बँडातल्या एकेकाला हळद लावत सुटल्या, युफोनियमवाल्याला, ढोलवाल्याला, पार खुळखुळेवाल्यापर्यंत. मास्तर नुसते उभे होते. एवढ्या फुंकरीचा माणूस, पण त्यांना बोलायला श्वास सापडेना.

बँड पुढे, वरात मागे, असे आम्ही मांडवाशी गेलो. मांडवाच्या दारात बँडनं थांबायचं आणि शेवटच्या पंगतीला मागच्या बाजूला जेवायचं, ही जुनी रीत. मास्तर सवयीनं थांबले. मुलीच्या बापानं त्यांचा हात धरला. "हळद लागलेलं मानूस मांडवाबाहेर ऱ्हात नसतंय," तो म्हणाला, आणि सगळ्यांना आत घेऊन गेला. अक्षता पडल्या तशी त्यानं त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. क्लॅरिनेटवाला पाटावर बसता बसता कोटाच्या गुंड्या काढायला लागला. मास्तर त्याच्यावर खेकसले, "लाव त्या! कोट घालून जेवायचं!" मग दाराशी कोट हातात घेऊन उभ्या असलेल्या पलीकडच्या बँडमास्तरांना त्यांनी हाक मारली, आपल्या शेजारचा पाट सरकवला आणि म्हणाले, "या मास्तर, लई वाजिवलंसा. बसा."

पहिला भात वाढायच्या आत वऱ्हाडातले लोक सुपाऱ्या घेऊन मास्तरांच्या पाटामागे येऊन उभे राहिले होते. क्लॅरिनेटवाला ते बघून गालातल्या गालात हसत होता. कुठं जायचं तिकडं जा, असं मास्तर त्याला म्हणाले होते, पण आता त्याला जायला सांगून बघावं कुणी.

मी मास्तरांच्या दुसऱ्या अंगाला बसलो होतो. त्यांच्या बाहीवरचा ओला पिवळा डाग बघून मला अजून कसंसंच होत होतं. मी हळूच म्हणालो, "मास्तर, पुढच्या वेळी खळ देऊन घेऊ. हा रंग असा सुटता उपयोगी नाही."

मास्तरांनी घास तोंडाजवळच थांबवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या कॉर्नेटला खळ द्यायला निघालोय.

"खुळं हाईसा का टेलर? फुडच्या सालाला बी ह्योच रंग. आनि त्या रंगाऱ्याला नीट बजावून सांगा, असाच सुटला पायजे."